‘गिव्ह अप’: सोडायचे, की सोपवायचे?



राखेच्या बुधवारच्या आधीच्या रविवारी आम्ही कन्फर्मेशनच्या वर्गात दरवर्षीचाच प्रश्न विचारला. “यंदा लेंटमध्ये काय गिव्ह अप करणार?” उत्तरेही दरवर्षीचीच आली. चॉकलेट. मोबाइलवरचे गेम. मटण. एका मुलीने कुंदा म्हटले तेव्हा सगळा वर्ग हसला, कारण बेळगावात राहून चाळीस दिवस कुंद्याकडे पाठ फिरवणे ही काही साधी तपश्चर्या नाही. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा मात्र गप्प होता. त्याला विचारले तर म्हणाला, “आंटी, मागच्या महिन्यात स्पोर्ट्सच्या वेळी तुम्हीच भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलं होतं, नेव्हर गिव्ह अप. आता म्हणता गिव्ह अप करा. नक्की काय करायचं?”

आम्हीही हसलो. “अरे, ते वेगळं, हे वेगळं,” असे सांगून पुढे गेलो. पण वर्ग संपवून खुर्च्या रचताना आमच्यापैकी एकीने विचारले, वेगळे म्हणजे नेमके कसे वेगळे? आम्ही चौघे स्वयंसेवक. कुणी वर्ग घेतो, कुणी आजाऱ्यांच्या भेटीला जातो, कुणी गायनात असतो. चौघांनाही चटकन उत्तर देता आले नाही. तेव्हापासून हा शब्द आमच्या मागे लागला आहे, आणि त्याच्यामागून जाताना आमची स्वतःची एक चूकही आमच्या लक्षात आली. ती पुढे सांगतोच.

आमच्या चर्चमध्ये मराठी, कोकणी, कन्नड आणि इंग्रजी अशा चार भाषा एकाच अंगणात नांदतात. घोषणा एकीत, गीत दुसरीत, आणि मिस्सा संपल्यावरच्या गप्पा सगळ्यांत मिळून. त्यामुळे इंग्रजी शब्द आमच्या बोलण्यात कधी आले ते कळतही नाही, आणि एकदा आले की त्यांचा अर्थ कोणी तपासत नाही. ‘गिव्ह अप’ हा तसाच एक. बसमध्ये म्हाताऱ्या माणसाला जागा देणे म्हणजे गिव्ह अप. सिगारेट सोडणे म्हणजे गिव्ह अप. गणित सुटत नाही म्हणून वही मिटणे, तेही. फरारी माणूस पोलिसांपुढे स्वतः हजर होतो, तेही. २०१५ साली सरकारने ज्यांना परवडते त्यांनी गॅसची सबसिडी सोडावी म्हणून मोहीम काढली, तिचे नावच ‘गिव्ह इट अप’ होते. मध्ये आपला ‘इट’ घुसवून पुढे ‘फॉर’ जोडले तर अर्थ आणखी भलतीकडे जातो. युवक मेळाव्यात माइकवरचा मुलगा ओरडला, “गिव्ह इट अप फॉर अवर क्वायर!” तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका आजींना वाटले की गायक मंडळींना आता गाणे बंद करायला सांगत आहेत. तो बिचारा टाळ्या मागत होता.

आणि शेवटी ‘ऑन’ लावला, की हाच शब्द माणसावर जाऊन पडतो. ‘आय हॅव गिव्हन अप ऑन हिम.’ म्हणजे त्याच्याकडून आता आम्हाला काही आशा नाही, त्याचा नाद सोडला. हे वाक्य आम्ही आईबापांच्या तोंडून त्यांच्याच मुलाबद्दल ऐकले आहे.

एवढे अर्थ एका शब्दाच्या पोटात कसे मावले? शब्द उघडून पाहिला तर आत ‘गिव्ह’ आहे, म्हणजे देणे. आणि ‘अप’ म्हणजे प्रत्येक वेळी ‘वर’च असे नाही. इंग्रजीत ‘ईट अप’ म्हणजे वर खाणे नव्हे, खाऊन टाकणे. ‘ड्रिंक अप’ म्हणजे पिऊन टाकणे. आपल्या ‘टाकणे’चे जे काम, तेच तिथे ‘अप’ करतो. या हिशेबाने ‘गिव्ह अप’चे सरळ मराठी होते देऊन टाकणे. आम्हाला हे सुचले तेव्हा जरा थांबायला झाले. कारण देण्याला समोर घेणारा लागतो. सोडायला कोणी लागत नाही. दगड हातातून सोडला की तो खाली पडतो, एवढेच.

आपली मराठी इथे जास्त चोख आहे, आणि जास्त गमतीदारही. आपण हट्ट सोडतो, गाव सोडतो, आशा सोडतो, बाण सोडतो, आणि शेवटी प्राणही सोडतो. उपवासाचे तर उलटेच आहे. इंग्रजीत लेंटमध्ये खाणे ‘गिव्ह अप’ करतात, आणि आपल्याकडे उपवास धरतात, मग वेळ झाली की उपवास सोडतात, म्हणजे जेवायला बसतात. पण देण्याच्या बाजूला मराठीने वेगळे शब्द ठेवले आहेत: सोपवणे, हवाली करणे, स्वाधीन करणे, अर्पण करणे. सोडणे आणि सोपवणे यांत आपली आजीसुद्धा कधी गोंधळ करत नव्हती. गोंधळ आपण इंग्रजीतून आणला.

बायबलकडे वळलो तर हा गोंधळ थेट क्रूसापाशी भेटतो. १६११ साली इंग्लंडात किंग जेम्स बायबल छापले गेले. त्यात मार्क, लूक आणि योहान या तिघांच्या शुभवर्तमानांत येशूच्या मरणाला एकच वाक्प्रचार वापरला आहे, ‘गेव्ह अप द घोस्ट’. उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहाम आणि इसहाक मरतात तेव्हाही तोच. प्रेषितांच्या कृत्यांत पैसे लपवणारा हनन्या कोसळतो आणि देवाचा मान स्वतःकडे घेणारा हेरोद किडे पडून मरतो, तिथेही तोच. आज इंग्रज माणूस मिक्सर बंद पडला तरी हेच म्हणतो. (जाता जाता आठवले: त्यानंतर पाचच वर्षांनी, १६१६ मध्ये, गोव्यात राचोल इथे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले, आणि ते मराठीत लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज होते. आपली भाषा बाजूला ठेवून ते आपल्याकडची शिकले. त्यांनी इंग्रजी ‘गिव्ह अप’ केली असे म्हणायचे, की मराठीला स्वतःला देऊन टाकले असे?)

ग्रीक आम्हाला येत नाही. आमच्या फादरांनी शब्दकोश उघडून दाखवले ते सांगतो. मार्क आणि लूक यांचे क्रियापद शेवटचा श्वास बाहेर टाकण्याचे आहे. मत्तयाचे आहे जाऊ देण्याचे, मोकळे करण्याचे. योहानाने १९:३० मध्ये मात्र ‘पारेदोकेन’ असा शब्द ठेवला आहे, म्हणजे सोपवला, हवाली केला. आणि फादर म्हणाले, आता हाच शब्द आणखी कुठे कुठे येतो ते पाहा.

यहूदाने येशूला धरून दिले, तिथे हेच क्रियापद. मुख्य याजकांनी त्याला बांधून पिलाताच्या हवाली केले, तिथे हेच. पिलाताने त्याला क्रूसावर खिळण्यासाठी दिले, पुन्हा हेच. पौल करिंथकरांना प्रभुभोजनाविषयी लिहितो (१ करिंथ ११:२३), त्या एका वचनात हा शब्द दोनदा आला आहे, एकदा पौलाने शिकवण पुढे सोपवली म्हणून आणि एकदा त्या रात्री प्रभूला धरून दिले गेले म्हणून. गुरुवारच्या रात्रीपासून शुक्रवारच्या दुपारपर्यंत येशू हातोहात फिरवला जातो. शिष्य याजकांना देतो, याजक राज्यपालाला, राज्यपाल शिपायांना. शेवटी त्याच्यापाशी श्वासाखेरीज काही उरत नाही. योहान सांगतो, तो श्वास मात्र दुसऱ्या कुणी नेला नाही. तो त्याने स्वतः सोपवला. कुणाकडे, ते लूक सांगतो: पित्याच्या हातांत.

हार मानणारा माणूस असे करत नाही. हार मानणारा हात टेकतो. इथे हातांत दिले गेले आहे.

हाच शब्द रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात तीनदा येतो, आणि तिथे तो अंगावर येतो. देवाने लोकांना त्यांच्या वासनांच्या स्वाधीन केले, असे पौल म्हणतो, आणि इंग्रजीत ते ‘गेव्ह देम अप’ असे वाचले जाते. आमच्या भेटीच्या घरांपैकी एका घरात एक आई आहे. तिचा मुलगा घर सोडून गेला आहे आणि कुठे आहे ते तिला माहीत नाही. तिने हे वचन एका इंग्रजी प्रवचनात ऐकले आणि आम्हाला विचारले, “म्हणजे देवानेही त्याचा नाद सोडला का?” आम्ही तेव्हा गप्प बसलो होतो. आता तिला सांगावेसे वाटते की त्याच पत्राचा आठवा अध्याय काढा. ३२व्या वचनात देव आपल्या पुत्राला आपणा सर्वांसाठी देऊन टाकतो, आणि क्रियापद अक्षरशः तेच आहे. ज्याने माणसांना त्यांच्या वाटेने जाऊ दिले, त्याने त्या वाटेवर आपला पुत्रही पाठवला. उधळ्या पुत्राच्या बापाने मुलाला त्याचा वाटा दिला, जाऊ दिले, अडवले नाही. पण मुलगा दूर असतानाच तो त्याला दिसला. वाटेवरची नजर त्याने सोडली नव्हती.

आता आमची चूक.

आमच्या मंडळीत एक बहीण आहे. नवरा नाही, शिवणकाम करून दोन मुलींना वाढवते. तिचे माहेर खानापूरच्या बाजूला, थोडी शेती आणि एक घर. वडील गेल्यावर भावांनी तिच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवले. सही कर, नाते टिकेल. ती तो कागद घेऊन आमच्याकडे आली. दिवस पवित्र आठवड्याचे होते, डोक्यात क्रूसाच्या वाटेची चिंतने होती, आणि आम्ही तिला म्हणालो, “येशूने सगळं गिव्ह अप केलं, ताई. तुम्हीही गिव्ह अप करा. देव दुसरीकडून देईल.” बोलताना आम्हाला आपले म्हणणे फार आध्यात्मिक वाटले होते. तिने मान हलवली, कागद पिशवीत घातला आणि गेली.

बऱ्याच महिन्यांनी ती आम्हाला म्हणाली, “तुम्ही सोडा म्हणालात. पण माझ्या हातात होतं तरी काय सोडायला? आधी हे तुझं आहे असं कुणी म्हणालंच नाही.”

याला आमच्याकडे उत्तर नव्हते, आणि नाही. कायद्याने पाहिले तर १९२५चा भारतीय वारसा कायदा आपल्याला लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर त्यात मुलगा आणि मुलगी यांच्या वाट्यात फरक नाही. गोव्यातल्या आपल्या नातेवाइकांना वेगळा कायदा आहे, पण तिथेही मुलींचा वाटा आहेच. वचनाने पाहिले तर गणना २७ मध्ये सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहून बापाचे वतन मागतात, आणि परमेश्वर म्हणतो की त्यांचे म्हणणे योग्य आहे. १ राजे २१ मध्ये अहाब राजा नाबोथाचा द्राक्षमळा मागतो, बदल्यात दुसरा मळा किंवा पैसे द्यायला तयार असतो, तरी नाबोथ नाही म्हणतो. त्याला कुणी स्वार्थी म्हणत नाही. एलीया संदेष्टा येतो तो राजाला जाब विचारायला, नाबोथाला त्याग शिकवायला नव्हे. आणि येशू? तो योहान १० मध्ये स्वतःच स्पष्ट करतो की त्याचा प्राण कुणी त्याच्याकडून हिरावून घेत नाही, तो स्वतः होऊन देतो. मग जे हिरावले जात आहे त्याला आम्ही क्रूसाचे नाव कोणत्या तोंडाने दिले?

आपल्या मंडळ्यांतून हे सर्रास होते, असे आमचे मत आहे. त्यागाचा उपदेश बहुधा त्यालाच मिळतो ज्याच्याकडे आधीच कमी आहे. बहिणीला, सुनेला, विधवेला. ज्या भावाने कागद पुढे केला, त्याला लेंटमध्ये काय ‘गिव्ह अप’ करणार असे आम्ही कधी विचारले नाही. विचारले असते तर बहुधा चहा म्हणाला असता.

आजाऱ्यांच्या भेटीत या शब्दाचा वेगळाच त्रास दिसतो. गेल्या पावसाळ्यात एक काका व्हेंटिलेटरवर होते. पुढे काही होण्यासारखे नाही, हे डॉक्टरांनी नीट समजावून सांगितले होते. मुलगा बाहेरच्या बाकावर बसून एकच म्हणत होता, “आम्ही गिव्ह अप केलं असं लोक म्हणतील. पप्पांना आम्ही गिव्ह अप केलं.” कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या २२७८व्या परिच्छेदात याबद्दल सरळ सांगितले आहे. जे उपचार फार कष्टाचे, धोक्याचे किंवा अपेक्षित फायद्याच्या मानाने अवाजवी आहेत ते थांबवणे म्हणजे मरण आणणे नव्हे, मरण अडवता येत नाही हे मान्य करणे आहे. रोजची देखभाल मात्र थांबवायची नाही, हेही पुढच्या परिच्छेदात आहे. त्या मुलाला आम्ही परिच्छेद वाचून दाखवला नाही. फादर आले, त्यांनी तेल लावले, आणि त्याला म्हणाले, “बाबा, तू सोडत नाहीस त्यांना. हातात देतोयस.” मुलाने वडिलांचा हात धरला. पुढे जे झाले ते सगळ्या घराच्या देखत आणि प्रार्थनेत झाले. त्या दिवशी कळले की योग्य क्रियापदालाही कधी कधी औषधासारखा गुण येतो.

दारूचे उदाहरण राहिलेच. त्याशिवाय हा विषय अर्धा राहील, कारण तिथे ‘गिव्ह अप’चे दोन्ही अर्थ एकमेकांवर उभे आहेत. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही संघटना १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली. तिच्या बारा पायऱ्यांपैकी पहिलीच पायरी म्हणजे दारूपुढे आपले काही चालत नाही ही कबुली, आणि तिसरी म्हणजे स्वतःची इच्छा आणि जीवन देवाच्या हाती सोपवण्याचा निर्णय. म्हणजे आधी हार मानायची, मग सोपवायचे, आणि तेव्हा कुठे दारू सुटते. अशा बैठकांना जाणारे आमच्या ओळखीचे एक गृहस्थ कधीच “मी दारू सोडली” म्हणत नाहीत. “माझी दारू सुटली” म्हणतात. विचारले तर सांगतात, सोडली तर मी वीस वेळा होती.

कुणी म्हणेल, शब्दाचा एवढा कीस कशाला काढायचा? मुलांना चॉकलेट सोडू द्या की. सोडू द्यावे. स्वतःला नाही म्हणण्याची सवय चांगलीच आहे, आणि रानातले येशूचे चाळीस दिवसही कुणाच्या ताटात भाकरी वाढण्यासाठी नव्हते. पण मोठ्यांचा लेंट पाहिला की शंका येते. मटण बंद, आणि त्याच पैशांत पापलेट. साखर बंद, आणि ईस्टरच्या सोमवारी वजनकाट्यावर समाधान. यशयाच्या ५८व्या अध्यायात परमेश्वराला जो उपास आवडतो त्यात भुकेल्याला भाकरी वाढलेली आहे आणि बेघराला घरात घेतलेले आहे. श्रीमंत तरुणालाही येशू नुसते ‘सोड’ म्हणत नाही. वीक, गरिबांना दे, आणि मग माझ्यामागे ये. आपण मधले गाळतो.

म्हणून यंदा वर्गात आम्ही प्रश्न बदलला. काय गिव्ह अप करणार, असे विचारण्याऐवजी विचारले, काय देऊन टाकणार, आणि कुणाला? पहिली पाच मिनिटे वर्गात शांतता होती. कुंदेवाल्या मुलीने विचारले, कुंद्याचे पैसे आजीच्या औषधाला दिले तर चालेल का. चालेल म्हणालो. शेवटच्या बाकावरच्या त्या मुलाला आम्ही त्याच्या जुन्या प्रश्नाचे उत्तर द्यायला गेलो, तर त्याचे ठरलेच होते. शेजारच्या इमारतीच्या वॉचमनच्या मुलाला सायकल चालवायला शिकवायची आहे, म्हणून रविवारचे क्रिकेट त्याला द्यायचे. “आणि तो पडला तरी नेव्हर गिव्ह अप,” असेही म्हणाला.

त्या बहिणीकडे आम्ही परत गेलो. त्या पवित्र आठवड्यात जे बोललो ते चुकले, असे तिला सांगितले. तिने चहा ठेवला. हक्कसोडपत्र अजून सहीशिवाय तिच्या कपाटात, मुलींच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यांखाली आहे. भावांना काही द्यायचे की नाही, द्यायचे तर किती, ते ती ठरवील, आणि आधी वाटा तिच्या नावावर चढल्यावर ठरवील, असे ती म्हणाली. तलाठ्याच्या कार्यालयात जायचे आहे. मंगळवारी आमच्यापैकी एक जण तिच्याबरोबर जाणार आहे.